एक्का-गुलामाचा तो कॉल आणि माझा आयसीएम कॅल्क्युलेटर

ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या एकच जागा अलीकडे, बाहेर पडले आणि पाचच मिनिटांत मला बाहेर काढणाऱ्या खेळाडूच्या नावावर क्लिक करून मी नोट लिहिली: ‘काहीही घेऊन ऑल-इन कॉल करतो.’ (ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावणं, कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं लावून भिडणं.) नावाला लाल रंग दिला. ती नोट अकरा दिवस तशीच राहिली. ती मला ज्या साधनामुळे बदलावी लागली, त्याबद्दल हे लिहितेय.

साधन म्हणजे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) कॅल्क्युलेटर: टूर्नामेंटमधल्या चिप्सची बक्षिसाच्या पैशांत किंमत काढून देतो. नाव घेत नाही, कारण या जातीचे बरेच कॅल्क्युलेटर मिळतात आणि बहुतेकांच्या आतलं मूळ गणित एकच असतं. पुढे ज्या तक्रारी करणार आहे त्याही एकट्या कुणाच्या माथी मारायच्या नाहीत. मी तो दोन वर्षं वापरतेय, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, खेळ संपल्यावर. खेळ चालू असताना कधीच नाही. हात चालू असताना अशी मदत घेणं बहुतेक मोठ्या साइटवर नियमाविरुद्ध आहे, आणि तो नियम मला मनापासून पटतो.

आधी हात सांगते. प्रत्येकाच्या चिप्स शंभराच्या पटीत आणल्यात, म्हणजे कुणालाही वहीवर ताडून बघता येतील.

आठ जणांची छोटी टूर्नामेंट. प्रत्येकी १,५०० चिप्स, म्हणजे टेबलावर एकूण १२,०००. पहिल्याला बक्षिसाचे ५० टक्के, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. आम्ही चौघे उरलो होतो, म्हणजे यापुढे जो पहिला जाईल त्याच्या हाती काहीच नाही. ब्लाइंड, म्हणजे पत्त्यांआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, १५० (स्मॉल) आणि ३०० (बिग); अँटी, म्हणजे सगळ्यांनी लावायची सक्तीची भर, नाही. सगळ्यांत आधी बोलायची पाळी १,००० चिप्सवाल्याची. तो फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून हाताबाहेर. बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागी, ३,००० वाला, तोही फोल्ड. स्मॉल ब्लाइंडला मी, ४,००० घेऊन. बिग ब्लाइंडलाही ४,०००, त्यातल्या ३०० आधीच लागलेल्या. माझ्या हातात बदामची सत्ती-छक्की. मी सगळ्या चिप्स ढकलल्या.

त्याने घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत वेळ घेतला. नावाभोवतीची पट्टी हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्याची लाल, आणि मी मनात म्हणत होते, आता सोडतोय. त्याने कॉल केला. इस्पिकचा एक्का, चौकटचा गुलाम. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत, किलवरची राणी, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. माझी सत्तीची जोडी लागली. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, किलवरची चौकी. रिव्हरला, म्हणजे पाचवा आणि शेवटचा, बदामचा गुलाम. मी चौथी.

रिव्हरचा राग नव्हता. पत्ते उघडले तेव्हाच तो साधारण साठ-चाळीसने पुढे होता; पाच पत्त्यांत काय व्हायचं ते झालं. राग होता तो कॉलचा. १,००० चिप्सवाला टेबलावर बसलेला असताना, पुढच्याच हाताला त्याच्यावर बिग ब्लाइंड येणार असताना, एक्का-गुलामावर सगळा स्टॅक, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स, का घालायचा?

दादाला हात दाखवला. पत्ते मला त्यानेच शिकवले आणि पॉट ऑड्स, म्हणजे किती टाकून किती मिळवायचं याचं प्रमाण, तो तोंडी काढतो. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, “अगं, ३,७०० टाकून ८,००० चा पॉट. त्याला ४६ टक्के पुरत होते. तू स्मॉल ब्लाइंडवरून इतकं रुंद, इतक्या सगळ्या पत्त्यांवर, ढकलतेस, मग त्याच्या एक्का-गुलामाला ४६ काय, साठच्या वर मिळणार. मी पण कॉल केला असता.”

मी त्याच रात्री हात कॅल्क्युलेटरमध्ये घातला. हँड हिस्टरी, म्हणजे साइटवरची त्या हाताची नोंद, चिकटवली की चारही स्टॅक, ब्लाइंड, बटण कुठे, सगळं आपोआप भरतं. हे काम तो सुरेख करतो. उत्तर आलं: कॉल बरोबर, लागणारी इक्विटी (कॉल परवडायला लागणारी जिंकण्याची शक्यता) ४६.२५ टक्के. दादाचाच आकडा, दशांश चिन्हासकट. मी दोन दिवस गप्प होते.

तिसऱ्या दिवशी दुसराच हात तपासताना कळलं की बक्षिसाचा तक्ता हँड हिस्टरीतून येतच नाही. तो आपला आपण भरायचा. तो रिकामा सोडला तर माझा कॅल्क्युलेटर सगळं बक्षीस पहिल्यालाच आहे असं धरून चालतो, आणि तसं धरल्याचं निकालाच्या पानावर कुठेही ठळक सांगत नाही. खाली बारीक राखाडी अक्षरात एक ओळ असते, बस. माझी या साधनावरची सर्वांत मोठी तक्रार हीच. बबलवरच्या कॉलचा सगळा निकाल ज्या तक्त्यावर ठरतो, तो न भरता निकाल देऊच नये. पान अडवावं, विचारावं, भरल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

५०, ३०, २० भरलं. पत्ते तेच, स्टॅक तेच. लागणारी इक्विटी: ७० टक्के.

खुर्ची पुढे ओढून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ४६ आणि ७० यांच्यात फक्त बक्षिसाची वाटणी होती. एकालाच सगळं मिळणाऱ्या टूर्नामेंटमध्ये तो कॉल चोख, आणि तिघांना वाटून मिळणाऱ्या टूर्नामेंटमध्ये साफ चूक.

हे ७० येतात कुठून, ते कॅल्क्युलेटर तीन आकड्यांत दाखवतो, आणि ही त्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. समोरच्याने फोल्ड केलं असतं तर त्याच्याकडे ३,७०० चिप्स उरल्या असत्या. त्यांची किंमत एकूण बक्षिसाच्या २९.९ टक्के. कॉल करून जिंकला तर ८,००० चिप्स, किंमत ४२.८ टक्के. हरला तर शून्य. आता २९.९ ला ४२.८ ने भागा. चिप्स दुपटीहून जास्त झाल्या, पण पैसे दीडपटही झाले नाहीत. टूर्नामेंटमध्ये चिप आणि पैसा एका भावाने चालत नाहीत, हे मी ऐकून होते. पण इथे माझ्याच हातावर, माझ्याच हरण्यावर ते दिसलं.

यामागची पद्धत फार जुनी आणि समजायला सोपी आहे. १९७३ मध्ये डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भात ती मांडली, आणि १९८० च्या दशकात मेसन मालमुथ यांनी ती पोकर टूर्नामेंटला लावली. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची: १२,००० पैकी ८,००० असतील तर दोन तृतीयांश. मग पहिला आलेला बाजूला काढायचा, उरलेल्यांत पुन्हा त्याच प्रमाणात दुसरा ठरवायचा, मग तिसरा. प्रत्येक शक्यतेला तिच्या बक्षिसाने गुणायचं आणि बेरीज करायची. चौघांसाठी मी हे वहीच्या दीड पानात केलं. कॅल्क्युलेटरचा आणि माझा आकडा जुळला तेव्हा त्या पडद्यावर माझा खरा विश्वास बसला. हे साधन घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे हाताने करून बघावं असं मला वाटतं.

मग मी चौघांचेही आकडे शेजारी शेजारी मांडले. समोरच्याने फोल्ड केलं असतं तर १,००० वाल्याचा वाटा ११ टक्के होता आणि ३,००० वाल्याचा २७. आम्ही दोघे भिडलो त्या क्षणी, एकही पत्ता उघडण्याआधी, ते अनुक्रमे २४ आणि ३३ झाले. आम्हा दोघांतलं कुणीही जिंको, त्यांचे वाटे तेवढेच. दोघे मिळून ३८ वरून ५७ वर गेले. त्यांनी हातसुद्धा हलवला नव्हता. एकोणीस टक्के बक्षीस आमच्या खिशातून त्यांच्या खिशात गेलं, आणि ते नेणारा तो एक कॉल होता.

समोरच्याच्या कॉलचा निवाडा करताना आपण नेहमी त्याचे पत्ते आणि आपले पत्ते एवढंच बघतो. जे फोल्ड करून बसलेत त्यांच्याकडे बघायला या साधनाने मला शिकवलं, आणि त्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते.

आता रेंजकडे, म्हणजे कुणी ज्या ज्या पत्त्यांनी ढकलतो किंवा कॉल करतो त्या सगळ्यांच्या यादीकडे, येते, कारण ७० हा अर्धाच निकाल. त्याच्या एक्का-गुलामाला ७० टक्के मिळत होते का, हे मी काय काय घेऊन ढकलते त्यावर ठरतं. कॅल्क्युलेटरमध्ये तेरा बाय तेराची चौकट असते, एकूण १६९ घरं. माउस दाबून ओढत जायचं आणि रेंज रंगवायची. मी समोरच्याला मिळेल तेवढी सूट दिली: माझी रेंज म्हणजे कुठलेही दोन पत्ते, सगळी १६९ घरं रंगवलेली. त्याच्या बाजूने याहून चांगली परिस्थिती नाही. तरीही वेगवेगळ्या रंगांच्या (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे ते चार रंग) एक्का-गुलामाला साधारण ६४ टक्केच मिळतात. सहा टक्के कमी. माझी रेंज वरच्या तीस टक्क्यांवर आणली की तो साठच्याही खाली जातो.

मग कॉल करायचा तरी कशाने? कुठल्याही दोन पत्त्यांसमोर नव्वीची जोडी ७२ टक्क्यांना बसते, अठ्ठीची ६९ ला. म्हणजे नव्वीच्या जोडीपासून वरच्या जोड्या, आणि बस. एक्का-राजासुद्धा नाही, कारण वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजाला कुठल्याही दोन पत्त्यांसमोर ६५ मिळतात. हे वाचून मी तक्ता पुन्हा तपासला, कारण आदल्या दिवशी तक्त्यानेच फसवलं होतं. तक्ता बरोबर होता.

या चौकटीबद्दलही एक तक्रार आहे. सगळी घरं एकाच आकाराची दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. जोडीच्या घरात सहा हात असतात, एकाच रंगाच्या घरात चार, वेगवेगळ्या रंगांच्या घरात बारा. एक्का-गुलाम एका रंगाचा हे घर आणि वेगवेगळ्या रंगांचा हे घर डोळ्याला सारखंच दिसतं, प्रत्यक्षात दुसरं तिप्पट आहे. मी कित्येक महिने रेंज रंगवताना डोळ्याच्या अंदाजावर जात होते आणि समोरच्याला हवा त्याहून घट्ट किंवा सैल समजत होते. कोपऱ्यात टक्केवारी लिहिलेली असते, तिच्याकडे बघून रंगवा. एकूण हात १,३२६. त्या हिशेबाने विचार करायची सवय लागली की रेंज बोलू लागते.

हे सगळं घेऊन मी दादाकडे गेले. तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने वही घेतली, ८,०००, ३,०००, १,००० एवढंच स्वतः सोडवलं, आणि ४२.८ आल्यावर म्हणाला, “कॉल चुकीचा. मान्य.” मग थोडं थांबून: “पण तो असा कॉल करतो, हे तुला माहीत होतं का? नसेल, तर सत्ती-छक्कीने ढकललंस कशाच्या भरवशावर?”

मी समोरच्याच्या भरवशावर ढकललं होतं. त्याला ७० टक्के लागतात हे त्याला कळत असेल, म्हणून तो सोडेल, एवढाच माझा आधार.

त्या रात्री मी पहिल्यांदा त्याच्या कॉलऐवजी माझा पुश, म्हणजे माझं ढकलणं, तपासला. मी फोल्ड केलं असतं तर माझा वाटा साधारण साडेतीस टक्के राहिला असता. ढकलून त्याने सोडलं तर ३२. म्हणजे ब्लाइंडची चोरी साधली तर मिळकत दीड टक्का. आणि कॉल आला तर? एक्के आणि मोठ्या जोड्यांच्या रेंजसमोर सत्ती-छक्कीला पस्तीसच्या आसपास मिळतात, म्हणजे माझा वाटा पंधरावर येतो. दीड मिळवायला पंधरा पणाला. तो फक्त नव्वी आणि वरच्या जोड्यांनीच कॉल करत असेल तर ते छत्तीस हात होतात, १,३२६ पैकी तीन टक्क्यांहून कमी, आणि मग माझं ढकलणं सुरेख. पण तो साधारण दहांतून एकदा कॉल करू लागला की माझी मिळकत संपते. सगळ्या जोड्या आणि एक्का-दश्शीपासून वरचे एक्के घेतले तरी दहाच्या वर जातं. एक्का-गुलामाने कॉल करणारा माणूस तेवढं नक्कीच घेतो.

कॅल्क्युलेटर दोन्ही बाजूंना बिनचूक खेळणारे धरून जे उत्तर देतो, ज्याला नॅश म्हणतात, त्यात माझा पुश हिरवा, म्हणजे बरोबर, होता. तो हिरवा रंग बघून मी इतके दिवस निर्धास्त होते. समोरच्याची कॉल रेंज हाताने रुंद केली आणि सत्ती-छक्कीचं घर माझ्यासमोर लाल झालं. साधन दोन्ही उत्तरं देतं; पहिलं आपोआप, दुसरं विचारलं तर. ज्याला हे साधन घ्यायचं असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं: नॅशच्या पानावर थांबू नका. समोरचा प्रत्यक्षात कसा खेळतो ते भरा, आणि तेही रागात असताना भरू नका.

त्याच रात्री मी जुनी नोट पुसली. आता आहे ती अशी: ‘बबल, १३ बिग ब्लाइंड, वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-गुलामाने कॉल, पूर्ण वेळ घेऊन. पॉट ऑड्स बघतो. याच्या ब्लाइंडवर हलके पत्ते ढकलायचे नाहीत.’ लाल रंग काढला. पहिल्या नोटेतलं ‘काहीही’ खोटं होतं. एक्का-गुलाम म्हणजे काहीही नाही. त्या नोटेने मला पुढच्या वेळी काय करायचं ते सांगितलंच नसतं.

आता या गणिताला काय दिसत नाही ते. त्याला फक्त स्टॅक आणि बक्षिसं कळतात. १,००० वाल्यावर पुढच्याच हाताला ३०० चा ब्लाइंड येणार होता, त्याला हे माहीत नाही. त्याच्यासाठी हजार म्हणजे हजार. खरं तर त्या ब्लाइंडमुळे समोरच्याला थांबण्यात आणखी फायदा होता, म्हणजे ७० हा आकडा त्याच्याशी मवाळच म्हणायचा. कोण चांगला खेळतो, कोण दमलाय, कोण बटणावर आहे, यातलंही काही मूळ सूत्रात नाही. काही महागड्या साधनांत पुढचे हात खेळवून बघायची सोय असते. माझ्याकडच्यात ती आहे, पण चौघांच्या टेबलालाही ती इतका वेळ खाते की मी वापरणं सोडलं. आणि बाउंटी असलेल्या टूर्नामेंटमध्ये समोरच्याला बाहेर काढण्याचेच पैसे मिळतात, त्यामुळे कॉलला लागणारी इक्विटी खाली येते. ती बाउंटी तक्त्यात भरली नाही तर निकाल पुन्हा चुकणार, आणि पुन्हा कुणी सांगणार नाही.

सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायच्या टूर्नामेंट, खेळणाऱ्यांनी मात्र हा कॅल्क्युलेटर घ्यावाच. तिथे जागा सगळ्या सारख्या किमतीच्या असतात, पहिला आणि शेवटचा पात्र ठरणारा यांत फरक नसतो. मी चार जण, तीन सारखी तिकिटं असा तक्ता भरला आणि एका इवल्याशा स्टॅकवाल्याला ब्लाइंडवर बसवलं. दोन मोठ्या स्टॅकमध्ये ऑल-इन झाला तर एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड येते. हे मी बऱ्याच जणांना सांगितलं, पण पडद्यावर बघितल्याशिवाय कुणाला पटलं नाही.

जे फक्त कॅश गेम खेळतात त्यांना याचा काही उपयोग नाही. तिथे चिप म्हणजेच पैसा, दादाचं तोंडी गणित पुरतं. टूर्नामेंट नव्याने खेळणाऱ्यांनी आधी पॉट ऑड्स पक्के करावेत, मग याकडे वळावं, नाहीतर नुसते हिरवे-लाल रंग पाठ होतात.

त्या शेवटच्या काही सेकंदांत तो काय विचार करत होता यावर दादाचं आणि माझं अजून जमत नाही. दादा म्हणतो, एवढा वेळ घेतला म्हणजे त्याने स्टॅक बघितले, छोट्या स्टॅकवाल्याला बघितलं, आणि तरीही ठरवलं. मला वाटतं त्याच्या डोळ्यांसमोर ३,७०० आणि ८,००० एवढेच दोन आकडे होते. आम्ही दोघांनी त्याची कॉल रेंज आपापल्या समजुतीने रंगवली आहे. दादाची आठ टक्के, माझी चौदा. दोन्ही फाइली मी सांभाळून ठेवल्यात. त्याचा पुढचा कॉल दिसला की त्यातली एक पुसायची आहे.